गुरुजींना कोण शिकवणार?

रात्री जेवणखाण आटोपून आपण वर्गाला जातो. गुरुजी किंवा बाई शिकवतात, आपण शिकतो. पण कसे शिकवावे, हे त्यांना कोण शिकवते?

मोठ्या माणसांना शिकवणे सोपे नाही. लहान मूल चुकले तर पुसून पुन्हा लिहिते. पण नातवंडांची आजी चुकली आणि कुणी हसले, तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. तिचा अंगठा काही सुटत नाही. असे होत होत वर्ग रिकामा होतो.

आपल्याकडे हे काम जुने आहे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे ती महाराष्ट्रभर गेली. २०२२ साली नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू झाला. त्यात स्वयंसेवक पगार न घेता शिकवतात. त्यांना थोडे दिवस शिबिर मिळते. मग वर्गात ज्याचा तो एकटा!

अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास हाच प्रश्न हाती घेतला. शिबिरात ऐकलेले पुष्कळसे तिथेच राहते, असे त्यांना दिसले. शिक्षक एकमेकांच्या वर्गात जाऊन मदत करू लागले, तर ते कामी येते.

हे कसे करायचे? समजा, वरसे गावात एक वर्ग आहे आणि शेजारी रोह्यात दुसरा. वरशाच्या बाई रोह्याच्या गुरुजींना आधीच सांगतात, "मी सगळ्यांना वाचायला देते का, तेवढंच बघा." गुरुजी मागे बसतात. मध्ये बोलत नाहीत. कोण किती वेळा वाचले, ते टिपून ठेवतात.

वर्ग सुटल्यावर दोघे बसतात. गुरुजी म्हणतात, "पुढच्या तिघींनीच वाचलं. मागच्या आजींची पाळी आलीच नाही." बाई विचार करून म्हणतात, "मग उद्या दोघी-दोघींना मिळून वाचायला देते." पुढच्या आठवड्यात बाई रोह्याला जातात आणि गुरुजींचा वर्ग बघतात. लावणीला आपण करतो तसेच हे. आज मी तुमच्या शेतावर, उद्या तुम्ही माझ्या.

यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ही तपासणी नव्हे, दोघे बरोबरीचे. जे पाहिले तेच सांगावे, उगाच नावे ठेवू नयेत. आणि दोघांतले बोलणे गावात नेऊ नये. नाहीतर कुणी आपला वर्ग दुसऱ्याला दाखवणार नाही.

आम्ही तुम्हाला हे का सांगतो? कारण वर्ग तुमचा आहे. मागे कुणी नवे गुरुजी बसले, तर बिचकू नका. ते तुमची परीक्षा घ्यायला आलेले नाहीत. फळ्यावरचे अक्षर बारीक दिसते, वाचन भरभर होते, तर बाईंना सांगा. मनात ठेवून घरी बसू नका. तुम्ही सांगाल तेव्हाच शिकवणाऱ्याला कळेल. आणि उद्या तुम्हीच शेजारणीला अक्षरे शिकवायला बसाल, तेव्हा एक सोबती जरूर बोलवा.