बत्तीस घरांतून चौसष्ट घरांत

‘फॉर्मेट मारना पड़ेगा, भाईसाहब.’ झाशीच्या सिपरी बाजारात किंवा सदर बाजारात जुना संगणक घेऊन गेलात, तर हे वाक्य आज ना उद्या कानावर पडतेच. तक्रार साधी असते. संगणक सुरू होतो, पण ब्राउझरमध्ये चार पाने उघडली की आचके देऊ लागतो. नवा प्रिंटर त्याला ओळखत नाही. हौसेने आठ जीबी रॅम टाकून घेतली, तरी त्यातली सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरात दिसते. दुकानदार ‘सेटिंग्ज’मध्ये शिरून ‘अबाउट’ उघडतो आणि ‘सिस्टिम टाइप’ या ओळीवर बोट ठेवतो. तिथे लिहिलेले असते : ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर. म्हणजे प्रोसेसर चौसष्ट बिटांचा, पण त्यावर बसवलेली विंडोज बत्तीस बिटांची.

ही गोष्ट आता फार काळ पुढे ढकलता येणार नाही. ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा-मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली ‘विंडोज ११’ बत्तीस बिटांत निघालीच नाही. त्यामुळे घरच्या संगणकाला बत्तीसातून चौसष्टात न्यायचे म्हणजे नेमके काय करायचे आणि त्यात काय हातचे जाऊ शकते, हे आधी समजून घेतलेले बरे.

पत्त्यांचा हिशेब

संगणकाच्या स्मृतीतल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो, तोच त्याचा पत्ता. बत्तीस बिटांची प्रणाली हा पत्ता शून्य आणि एक यांच्या बत्तीस अंकांत लिहिते, चौसष्ट बिटांची चौसष्ट अंकांत. ऐकायला वाटते, क्षमता दुप्पट झाली. बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट आठवा : पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. पटाची बत्तीस घरे भरेपर्यंत ४,२९,४९,६७,२९५ दाणे लागतात आणि एखादा श्रीमंत राजा तेवढे देऊही शकतो. चौसष्टावे घर भरताना मात्र आकडा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ वर जातो आणि राजा दिवाळखोर होतो. पत्त्यांचे गणित हेच आहे. बत्तीस अंकांत सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात, म्हणजे बरोबर चार जीबी. ग्राफिक्स आणि इतर उपकरणांनाही त्यातूनच पत्ते द्यावे लागतात, म्हणून रॅम कितीही टाकली तरी सव्वातीन-साडेतीनचाच आकडा दिसतो.

बत्तीस बिटांची ही वेस आपल्याला इतरत्रही अडवत आलेली आहे, फक्त तिचे नाव आपल्याला ठाऊक नसते. लग्नाचा पाच जीबीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही, कारण ‘फॅट३२’ पद्धतीत फाइलीची लांबी बत्तीस बिटांत लिहिली जाते आणि चार जीबीला ती थांबते. जुन्या पद्धतीने विभागलेल्या हार्डडिस्कवर दोन टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, कारण तिथे कप्प्यांचे क्रमांक बत्तीस बिटांचे. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याने यूट्यूबवर २,१४,७४,८३,६४७ हा आकडा ओलांडला. धन-ऋण चिन्हासाठी एक बिट राखून ठेवले की बत्तीस बिटांत बसणारी सर्वांत मोठी संख्या हीच. यूट्यूबला मोजणी चौसष्ट बिटांवर न्यावी लागली.

यापुढचा अडथळा घड्याळाचा आहे. अनेक संगणक-प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. जिथे ही मोजणी अजून बत्तीस बिटांची आहे, तिथे १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी भारतीय वेळेनुसार ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती भरेल आणि पुढच्या क्षणी तारीख डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. चौसष्ट बिटांची मोजणी सुमारे २९,२०० कोटी वर्षे पुरते. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास मानले जाते, तेव्हा तिथे काळजीचे कारण नाही.

जुन्याला सांभाळणारा जिंकला

इंटेलने बत्तीस बिटांचा ‘८०३८६’ हा प्रोसेसर १९८५ मध्ये आणला. घराघरांत ती रचना रुळली ती ‘विंडोज ९५’नंतर. चौसष्टाकडे जाताना इंटेलने वेगळी वाट धरली. २००१ मध्ये आलेल्या ‘इटेनियम’ची रचना मुळापासून नवी होती आणि जुनी सॉफ्टवेअर त्यावर रखडत चालत. एएमडीने उलटे केले. जुनी आज्ञावली तशीच ठेवून तिला चौसष्ट बिटांची जोड दिली, कामाची रजिस्टरे आठांवरून सोळांवर नेली आणि २००३ मध्ये ‘ऑप्टेरॉन’ व ‘अ‍ॅथलॉन ६४’ बाजारात आणले. बत्तीस बिटांचे सॉफ्टवेअर त्यांवर पूर्ण वेगाने धावले. पुढच्याच वर्षी इंटेलला प्रतिस्पर्ध्याची ही रचना स्वीकारावी लागली. आज आपल्या टेबलावरच्या बहुतेक संगणकांत, वर नाव इंटेलचे असले तरी, चौसष्ट बिटांची मांडणी मूळची एएमडीची आहे.

ही जुन्याची बूज विंडोजच्या पोटातही दिसते. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ नावाच्या फोल्डरात चौसष्ट बिटांच्या फाइली असतात आणि बत्तीस बिटांच्या फाइली असतात त्या ‘सिसवॉव६४’ नावाच्या फोल्डरात. अगदी उलटे! पण असंख्य सॉफ्टवेअरमध्ये ‘सिस्टिम३२’ हा मार्ग कायमचा लिहून ठेवलेला होता. तो बदलला असता तर सगळीच कोलमडली असती, म्हणून नाव तेच राहिले आणि आतले बिऱ्हाड बदलले.

मात्र ही बूज एकाच पिढीपुरती आहे. बत्तीस बिटांचे सॉफ्टवेअर चौसष्टावर चालते, सोळा बिटांचे चालत नाही. डॉसचे कार्यक्रम चालवण्यासाठी प्रोसेसरमध्ये जी खास सोय होती, ती चौसष्ट बिटांच्या अवस्थेत मिळत नाही आणि मायक्रोसॉफ्टनेही तो आधार काढून टाकला. हिशेबाचे जुने फॉक्सप्रो कार्यक्रम, वर्डस्टार, नव्वदीतले खेळ अशा सगळ्यांना मग ‘डॉसबॉक्स’सारख्या आभासी डॉसचा आसरा घ्यावा लागतो. दुसरी अडचण ड्रायव्हरची. प्रिंटर, स्कॅनर किंवा सॉफ्टवेअरचे कुलूप म्हणून मागे खोचायचे डोंगल, यांचे ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात चालतात. तिथे बत्तीस-चौसष्टाची सरमिसळ चालत नाही. ड्रायव्हर चौसष्ट बिटांचा आणि अधिकृत सही असलेला हवा. कंपनीने तो काढलाच नसेल, तर धडधाकट स्कॅनरही अडगळीत जातो.

म्हणूनच बत्तीसावरून चौसष्टावर थेट चढता येत नाही. गाभा, ड्रायव्हर, प्रणालीच्या फाइली सगळेच वेगळे असल्याने डिस्कवरची जुनी विंडोज काढून नवी बसवावी लागते. दुकानदाराच्या ‘फॉर्मेट मारना पड़ेगा’ या वाक्यात अतिशयोक्ती नाही.

फाइल उघडते, मजकूर उघडत नाही

मराठी माणसासाठी खरी मेख इथे आहे. नारोशंकर १७४२ साली झाशीचे सुभेदार झाले, पुढे कारभार नेवाळकरांकडे आला. त्या काळापासून दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबे या शहरात नांदत आली आहेत. अशाच एखाद्या घराचे उदाहरण घेऊ. आजोबांनी निवृत्तीनंतर कुळवृत्तांत जमवला. कोणती शाखा ग्वाल्हेरला गेली, कोणती सागरला, कुणाची मुलगी पुण्यात दिली, हे सगळे पत्रे पाठवून गोळा केले आणि संगणकावर उतरवले. हिंदी टायपिंगचा हात बसलेला, म्हणून मराठीही कृतिदेव या फाँटमध्येच. उत्तर प्रदेशात कचेरीपासून छापखान्यापर्यंत हाच फाँट रुळलेला होता.

आता कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की फाइलीत काय साठते ते पाहा. तिथे म, र, ठ यांतले काहीही नसते. साठतात ती पाच रोमन अक्षरे : लहान लिपीतली ई, जे, के, मग मोठ्या लिपीतली बी आणि शेवटी लहान एच. कृतिदेव फाँट त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे दाखवतो, एवढेच. म्हणजे आजोबांचा संपूर्ण कुळवृत्तांत संगणकाच्या लेखी निरर्थक रोमन मजकूर आहे. फॉरमॅट झाले, फाँटच्या फोल्डरावर बोळा फिरला की तीच फाइल उघडताच पानभर रोमन अक्षरांचा सडा दिसतो. घरच्यांना वाटते फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते, तिला वाचणारा फाँट गेलेला असतो. सुदैवाने कृतिदेवची फाँट-फाइल चौसष्ट बिटांवरही बसते. ज्या जुन्या मराठी-हिंदी सॉफ्टवेअरचे कळफलक स्वतःच्या ड्रायव्हरवर किंवा डोंगलवर चालत, त्यांचे मात्र अवघड होते. पान दिसते, पण त्यात एक वेलांटीही दुरुस्त करता येत नाही.

यावरचा उपाय युनिकोड, आणि त्याची मुळे झाशीपासून सव्वादोनशे किलोमीटरवर सापडतात. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात देवनागरी संगणकावर काम झाले. मोहन तांबे हे त्या कामातले एक प्रमुख नाव. त्यातून आलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. अक्षराचे चित्र न साठवता अक्षरच साठवायचे आणि तेही उच्चाराच्या क्रमाने, हा त्यामागचा विचार. ‘इस्की’ या भारतीय मानकात तो उतरला आणि तिथून युनिकोडच्या देवनागरीत आला. युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक २३५० आहे. तो बत्तीस बिटांच्या संगणकावर, चौसष्टावर, फोनवर, झाशीत आणि न्यू जर्सीत एकच राहतो. विंडोजमधला देवनागरीचा ‘मंगल’ हा फाँटही र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराच्या हातचा.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरके मोफत मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. ‘कर्म’ हा शब्द घ्या. कृतिदेवमध्ये आधी क, मग म आणि शेवटी वरचा रफार साठतो. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे क, मग र् आणि मग म. पहिली वेलांटीही कृतिदेवमध्ये व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रूपांतरकाला प्रत्येक ठिकाणी ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षरांपाशी त्याचा पाय हमखास घसरतो. कुळवृत्तांतात आडनावे, गावांची नावे आणि साल हाच ऐवज असतो, म्हणून रूपांतर झाल्यावर घरातल्या जाणत्या माणसाने एकदा तरी सबंध मजकूर जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावा.

करावे की करू नये?

‘सिस्टिम टाइप’मध्ये प्रोसेसर एक्स६४ दिसत असेल आणि रॅम चार जीबी किंवा अधिक असेल, तर चौसष्टावर जाण्यात फायदा आहे. रॅम पूर्ण वापरात येते, नवे ड्रायव्हर मिळतात आणि पत्त्यांचा पसारा एवढा मोठा होतो की त्यात सॉफ्टवेअरची जागा हेरणे हल्लेखोराला जड जाते. रॅम दोन जीबीच असेल तर थांबा. चौसष्ट बिटांत प्रत्येक पत्ता चारऐवजी आठ बाइट खातो, त्यामुळे अशा यंत्रावर दिलासा मिळण्याऐवजी ओढाताण वाढते. आधी रॅम वाढवा आणि जमल्यास हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा.

विंडोजच्याच त्याच आवृत्तीची चौसष्ट बिटांची प्रत बसवण्यासाठी नवा परवाना विकत घ्यावा लागत नाही, जुनाच चालतो. पण दहा-बारा वर्षांच्या संगणकावर ‘विंडोज ११’ अधिकृतपणे बसत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. अशा यंत्रासाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट हा पर्याय अधिक शहाणपणाचा. त्यांच्या २०२४ च्या दीर्घकालीन आवृत्त्यांना २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळतील आणि देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कळफलक त्यांत आहेच.

निर्णय कोणताही घ्या, क्रम मात्र चुकवू नका. दुकानात जाण्याआधी कागदपत्रे, फोटो आणि ‘विंडोज’मधले ‘फाँट्स’ हे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. प्रिंटर-स्कॅनरचे चौसष्ट बिटांचे ड्रायव्हर मिळतात का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. जुन्या फाँटमधला प्रत्येक मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि एक प्रत पीडीएफ करून ठेवा. ती प्रत दुसऱ्या कुठल्या तरी संगणकावर किंवा फोनवर उघडून, वाचून पाहा. एवढे झाल्याशिवाय ‘फॉर्मेट मारना पड़ेगा’ला होकार देऊ नका. विंडोज पुन्हा बसवता येते, आजोबांनी जमवलेली माहिती पुन्हा जमवता येत नाही.