चाकातील हवा आणि पिवळा दिवा

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे मागे पडले की सुकेळीची खिंड लागते आणि ती ओलांडल्यावर कोलाड येते. ताम्हिणी घाट उतरून विळ्यामार्गे आलेली पुण्याकडील काही वाहनेही येथे महामार्गास मिळतात. गणेशोत्सवाच्या दिवसांत या मोटारी माणसांनी व सामानाने भरलेल्या असतात. अशा प्रवासात चालकासमोर घोड्याच्या नालासारख्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला, तर "गावी पोहोचल्यावर पाहू" असे म्हणण्याकडेच अनेकांचा कल असतो.

वास्तविक हा दिवा लागतो तोच हवा बरीच उतरल्यानंतर. सदोष टायरांमुळे झालेल्या अपघातांच्या मालिकेनंतर अमेरिकेने २००० साली कायदा केला. त्यानुसार ठरलेल्या नियमात, शिफारस केलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की इशारा मिळावा, अशी मर्यादा आहे. म्हणजे ३२ पौंडांच्या जागी २४ पौंड. एवढी घट नुसत्या डोळ्यांना सहसा कळत नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, अधिक तापतो. त्यात भार आणि वेग यांची भर पडली की आतील थर सुटून तो फुटू शकतो. पावसात अशा टायरची रस्त्यावरील पकडही घटते. खड्ड्यात तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेंगरून त्याची कड चिरते.

दिवा लागताच करकचून ब्रेक दाबू नये, चाक झटक्याने वळवू नये. वेग हळूहळू कमी करून डाव्या बाजूस सपाट, सुरक्षित जागी थांबावे. चारही टायर पाहावेत. एखादा बसलेला आढळल्यास गाडी पुढे न नेता स्टेपनी लावावी. टायर शाबूत दिसल्यास सावकाश जवळच्या पंपावर अथवा पंक्चरच्या दुकानी जावे. योग्य दाबाचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो. भरलेल्या गाडीसाठी तेथे वेगळा आकडा असल्यास तोच धरावा. हा दाब थंड टायरचा असतो. धावून तापलेल्या टायरमधील वाढलेली हवा सोडून देणे ही चूक होय.

काही गाड्यांत प्रत्येक चाकात संवेदक असतो. काहींत चाकांच्या फिरण्याच्या वेगातील फरकावरून अंदाज बांधला जातो. दुसऱ्या प्रकारात हवा भरल्यानंतर नोंद नव्याने करावी लागते. हवा न भरताच ते बटण दाबून दिवा घालविणारे चालक उतरलेल्या टायरलाच योग्य टायर ठरवितात! चारही चाकांतील हवा सारखीच उतरल्यास ही पद्धत फसूही शकते. गाडी सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बहुधा यंत्रणेतच बिघाड असतो. हवा भरूनही दोन दिवसांत दिवा पुन्हा लागला, तर टायरमध्ये खिळा रुतला आहे का, व्हॉल्व्ह गळतो का, हे पाहून घ्यावे.

केंद्र सरकारने २०२० मध्ये केलेल्या नियमबदलानुसार, ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर व दुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना स्टेपनीची सक्ती नाही. कड फाटल्यास तो संच निरुपयोगी ठरतो. म्हणून गाडीत स्टेपनी आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच पाहावे. शाळेच्या वा कार्यालयाच्या जुन्या जीपला तर हा दिवाच नसतो. तिच्यासाठी दाबमापक जवळ ठेवून महिन्यातून एकदा, सकाळी गाडी निघण्यापूर्वी, स्टेपनीसह पाचही टायर तपासावेत.