जुन्या व्यापारी वाटेवरचे दोन दिवस

शनिवार-रविवारला गाडी काढून कुटुंबासह कोठेतरी जाऊन यावे, ही इच्छा आज बहुतेक घरांत असते. इच्छा उत्तमच, परंतु तिचा आराखडा बहुधा ठिकाणांच्या यादीने सुरू होतो. दोन दिवस, आठ ठिकाणे, प्रत्येकी चाळीस मिनिटे. परतल्यावर मुलांना विचारावे तर त्यांना वाटेतले उपाहारगृह तेवढे आठवते, आणि ज्येष्ठांना गुडघे. निवृत्तीनंतर अशा काही सहलींत सामील झाल्यावर माझे असे मत बनले आहे की, सहल ठिकाणांची न आखता एका वाटेची आखावी. वाट जुनी असावी, तिच्यावर पूर्वी कोण आणि कशासाठी चालत होते हे ठाऊक असावे, आणि जेथे ते थांबत होते तेथे आपणही थांबावे.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर तालुक्यात, अशी एक वाट आहे. सातवाहनांच्या काळी सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल कोकणाची पट्टी ओलांडून सह्याद्रीच्या पायथ्याशी येई, नाणेघाटाने वर चढे, आणि जुन्नरवरून पुढे पैठणकडे जाई. देशावरचा माल त्याच वाटेने खाली उतरे. या वाटेचा घाटमाथा ते जुन्नर हा साधारण तीस-पस्तीस किलोमीटरांचा तुकडा आज गाडीने सहज होतो, आणि दोन दिवसांना तो पुरून उरतो.

पुण्याहून निघणाऱ्यांनी राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असे येऊन जुन्नरला वळावे; हे अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटरांचे आहे. मुंबईकरांना कल्याण, मुरबाड आणि माळशेज घाट हा मार्ग जवळचा. माझी एकच सूचना आहे. जुन्नर आधी लागले तरी तेथे फार न रेंगाळता सरळ घाटमाथा गाठावा आणि दर्शनाची सुरुवात तेथून करावी. व्यापारी कोकणातून जसा वर आला तसेच आपण जुन्नरकडे यावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी लेण्यांत जे दिसते त्याचा अर्थ आपोआप उलगडतो. गाडीत इंधन मात्र जुन्नरलाच भरावे, थोडी रोकडही जवळ ठेवावी. पुढे मोबाईलच्या भरवशावर पैसे देण्याचे धाडस, बँकेत हयात घालवूनही, मी करणार नाही.

जुन्नर सोडल्यावर रस्ता माणिकडोह धरणाच्या जलाशयाजवळून चावंड किल्ल्याच्या दिशेने जातो. चावंडजवळच्या पूर या गावी कुकडेश्वराचे प्राचीन कोरीव मंदिर आहे. कुकडी नदीचा उगम याच परिसरातला. अर्धा तास काढून ते अवश्य पाहावे. पुढे भातखाचरे लागतात, वस्ती विरळ होते, आणि घाटघर गाव मागे टाकले की जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी जमीन एकाएकी संपते. समोर कोकण.

नाणेघाट म्हणजे कड्याला पडलेली एक अरुंद खिंड. तिच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्यांकडून घेतलेली जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरेने सांगितले जाते. खिंडीतून थोडे खाली उतरले की एक चौकोनी गुहा लागते. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. ही सातकर्णी राजाची राणी; काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा. समोरच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या आणि त्यांची नावे वर कोरलेली होती. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, काही राजकुमार आणि एक महारठी. मूर्ती केव्हाच नाहीशा झाल्या. आज केवळ त्यांच्या खुणा उरल्या आहेत.

लेखात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची नोंद आहे. इतके गोधन, इतके घोडे, इतके कार्षापण, असा तो हिशेबच आहे. मला त्याचे कौतुक वाटते ते यासाठी की, या आकड्यांसाठी वापरलेली चिन्हे भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी आहेत. त्यात शून्य नाही. दहासाठी वेगळे चिन्ह, शंभरासाठी वेगळे, हजारासाठी वेगळे. मुलांना गुहेसमोर उभे करून, शून्याशिवाय बेरीज कशी मांडाल, एवढेच विचारावे. अर्धा तास शांततेत जातो. भिंतीला हात लावू नये आणि लावू देऊ नये. दोन हजार वर्षे टिकलेल्या अक्षरांशेजारी आपल्या मित्राचे नाव कोरणारे महाभाग तेथेही होऊन गेले आहेत.

आता थांबण्याविषयी. घाट चढून आलेला लमाण दमलेला असे, बैल तहानलेले असत. घाटाच्या वाटेवर पाण्याची टाकी खोदलेली आहेत ती यासाठीच. थांबा आला की पाणी आले, निवारा आला, राखण आली, देवघेव आली. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली ती या देवघेवीच्या बळावर. ती बौद्ध भिक्षूंसाठी होती, परंतु त्यांचा खर्च उचलणाऱ्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, यवन म्हणवणारे परदेशी आहेत, क्षत्रप नहपानाचा अमात्य अयमही आहे. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंदही जुन्नरच्या शिलालेखांत आढळते. एका लेखात तर करंज आणि वड लावण्यासाठी जमिनीचे उत्पन्न एका श्रेणीकडे सोपवले आहे. वाटेवर सावली हवी, आणि सावलीसाठी कायमचा निधी हवा, हे त्यांना समजले होते.

या ठेवी कशा चालत, हे नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका लेखावरून नेमके कळते. नहपानाचा जावई उषवदात याने ४२व्या वर्षी तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण, असा व्याजदर. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. हिशेब चोख जुळतो. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवला, असेही लेखात म्हटले आहे. आमच्या वेळी मुदत ठेवीच्या पावतीवर याहून अधिक काही नसे.

म्हणून मुक्कामाचा विचार करताना मी घाटघर किंवा त्या पट्ट्यातील एखाद्या घराला पहिली पसंती देईन. काही घरांतून राहण्या-जेवणाची सोय होते. आठवडाभर आधी दूरध्वनी करून ठरवावे. हा महादेव कोळी समाजाचा मुलूख. भात आणि जंगलातला हिरडा यांवर येथील संसार चालतो. हंगामात अंगणाअंगणांत बाळहिरडा वाळत घातलेला दिसतो. शहरातून आलेल्या चार गाड्या सकाळी येऊन, छायाचित्रे घेऊन, संध्याकाळी जुन्नरला जेवायला परतल्या तर या गावाच्या वाट्याला धूळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या तेवढ्या येतात. एक रात्र राहिलात तर दोन जेवणांचे पैसे, चहाचे पैसे आणि वाटाड्याची मजुरी गावात राहते. रांजणातले नाणे ते हेच. ज्यांना गरम पाणी आणि मऊ गादीशिवाय चालत नाही त्यांनी जुन्नरला राहावे, त्यात कमीपणा नाही. पण दुपारचे जेवण तरी घाटमाथ्यावर घ्यावे.

जेवणाची एक गोष्ट आधीच बोलून ठेवणे बरे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आहे त्यांनी यजमानांना वेळ स्पष्ट सांगावी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पाचला ताट वाढलेले हवे. कांदा, लसूण, बटाटा नको, हेही त्याच वेळी सांगावे. भाकरी, उसळ, भात-वरण आणि शेंगदाण्याची चटणी एवढे सांगितले की कोणतीही गृहिणी अडत नाही. या भागाची मासवडी प्रसिद्ध आहे. नावामुळे दचकू नये, ती बेसनाची असते, त्यात मासा नाही. मात्र आतल्या सारणात लसूण हटकून असतो, तेव्हा चौकशी करूनच पुढे जावे.

ऋतू कोणता निवडावा? पावसाळ्यात येथे वाऱ्याने उलटे उडणारे धबधबे पाहायला प्रचंड गर्दी लोटते. दृश्य खरोखर अपूर्व असते, पण धुके, निसरडा कातळ आणि कड्याच्या टोकाशी चालणारी छायाचित्रांची चढाओढ पाहता लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर मी तो काळ टाळीन. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. त्यातही पावसाळा सरल्यावरचे पहिले काही आठवडे, भात पिकून सोनेरी झालेले असते तेव्हाचे.

रविवारी सकाळी जुन्नरकडे यावे. येथे निवड करावी लागते, कारण शिवनेरी आणि लेण्याद्री दोन्ही चढणीचे आहेत आणि दोन्ही एका सकाळी केले तर वडीलधाऱ्यांचे हाल होतात. शिवनेरी हे शिवछत्रपतींचे जन्मस्थान. सात दरवाजांची वाट, शिवाई देवीचे मंदिर, गंगा-जमुना टाकी, अंबरखाना असे सर्व पाहायला तीन तास हवेत. ज्यांची मुले अजून तेथे गेलेली नाहीत त्यांनी दुसरा विचारच करू नये. परंतु शिवनेरी पूर्वी झाली असेल, तर लेण्याद्री.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सकाळी आठाच्या आत चढावे. भाविकांची रीघ सातव्या लेण्यातील गिरिजात्मजाकडे जाते. अष्टविनायकांपैकी डोंगरातील लेण्यात वसलेला हा एकच. त्याच्या शेजारचे सहावे लेणे हे चैत्यगृह आहे आणि बहुतेक जण त्याच्यावरून सरळ निघून जातात. त्यावरील लेखात दात्याचे नाव आहे सुलसदत्त, कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र. हेरणिक म्हणजे सोनार किंवा कोषाधिकारी. सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. कल्याणच्या माणसाने जुन्नरात चैत्यगृह द्यावे, याचे कारण आदल्या दिवशी आपण खिंडीत उभे राहून पाहिलेले असते. म्हणूनच घाट आधी आणि लेणे नंतर, असा माझा आग्रह.

ज्यांचे पाय धडधाकट आहेत त्यांनी जुन्नरच्या दक्षिणेच्या मानमोडी डोंगरावरही जावे. अमात्य अयमाचा, ४६व्या वर्षाचा लेख तेथलाच. तेथील अंबा-अंबिका हा लेण्यांचा गट आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. मूळ बौद्ध लेण्यांत नंतरच्या काळी आलेल्या जैन मूर्ती तेथे ओळखल्या गेल्या आहेत, आणि अंबिका ही नेमिनाथांची यक्षी. पायऱ्यांची बांधीव वाट नाही, गवत असते. स्थानिक माणूस बरोबर असावा.

परतताना नारायणगावपासून थोडी वाकडी वाट करून खोडदला जाता येते. वैश्विक रेडिओलहरी टिपणाऱ्या महाकाय दुर्बिणीच्या एकूण तीस तबकड्या या परिसरात पसरल्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आत जाण्यास पूर्वपरवानगी लागते, पण शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या काही तबकड्या रस्त्यावरूनही दिसतात. रविवारी संध्याकाळी चाकणच्या बाजूला वाहनांची कोंडी होते, हे लक्षात ठेवून नारायणगाव तीनच्या आत सोडावे. उशीर झालाच, तर संध्याकाळचे जेवण मंचरच्या आसपास उजेडी उरकून मगच पुढे निघावे.