पिल्लाची पहिली आंघोळ

नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी जो आंघोळ करीत नाही तो नरकात जातो, ही गोष्ट माझ्या आजीने मला ज्या ठसक्यात सांगितली होती, त्याच ठसक्यात मी ती माझ्या मुलांना सांगत आलो. सांगणाऱ्याने आधी श्रोते कोण आहेत ते पाहावे, असे मी वर्गात विद्यार्थ्यांना बजावतो. घरी मात्र ते विसरलो. २०१८ सालच्या दिवाळीत आमच्या सात वर्षांच्या चिमीने श्रोत्यांमध्ये माळ्यावरची मांजराची चार पिल्लेही धरली होती, हे मला फार उशिरा कळले.

या पिल्लांची आई मथुरा. ती आमची नव्हे, आम्ही तिचे. जुने दिवाळी अंक रद्दीत घालायचे नाहीत हा माझा हट्ट, आणि ते घालायचेच हा सौ.चा. त्या वर्षी कोजागिरीच्या थोडे आधी मथुरेने त्याच अंकांच्या गठ्ठ्यावर आपला संसार मांडला आणि तो वाद निदान तात्पुरता माझ्या बाजूने मिटला. दिवाळीपर्यंत पिल्ले तीन-साडेतीन आठवड्यांची झाली. डोळे उघडले होते, पाय लटपटत होते. त्यातल्या एका उचापतखोर पिल्लाला चिमीने धनत्रयोदशीला खाली आणले आणि ते थेट रांगोळीच्या डब्यात जाऊन बसले. पांढरे पिल्लू गुलाबी झाले. त्यात त्याच्या मानेवर दोन-तीन पिसवाही दिसल्या.

“बाबा, याने आंघोळ नाही केली तर हे नरकात जाईल?” चिमीने विचारले.

वाचकहो, अशा वेळी एखाद्या शहाण्या बापाने ‘नाही’ म्हणून विषय संपवला असता. मी मात्र गुलाबी रंग पाहिला, पिसवा पाहिल्या आणि ‘उद्या पहाटे घालू’ असे म्हणून गेलो.

पहाटे पाच वाजता समारंभ सुरू झाला. पाटाभोवती रांगोळी, पणती, वासाचे तेल, उटणे, सारे काही यथासांग. आमचे पाणी कढत. पिल्लाला सोसणार नाही म्हणून मी त्यात थंड पाणी ओतले, आणि तेल-उटणे होईपर्यंत ते निवूनही गेले. न्हाणीघराची खिडकी उघडी होती. मी डाव्या हातात पिल्लू धरले आणि उजव्या हाताने तांब्या त्याच्या डोक्यावर ओतला. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज निघू शकतो याची मला कल्पना नव्हती. चिमीने टाळ्या वाजवल्या, थोरल्याने कारीट फोडले, मी पिल्लाला पंचाने वरवर पुसून माळ्यावर ठेवले आणि आम्ही फराळाला बसलो.

पाव तासाने मथुरा ओरडू लागली. तिचे ते ओरडणे नेहमीचे नव्हते. स्टूल घेऊन वर पाहिले, तो बाकीची तीन पिल्ले आईला बिलगलेली आणि आमचे न्हालेले पिल्लू बाजूला, ओल्या वातीसारखे लुळे पडलेले. हातात घेतले तर थंडगार. तोंडात बोट घातले तर तेही थंड. चिमी काहीच बोलली नाही. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली, आणि ते पाहणे मला आजही नको वाटते.

मी दूध कोमट केले आणि कापसाच्या बोळ्याने ते पिल्लाच्या तोंडात घालू लागलो. सौ.ने तेवढ्यात ओळखीच्या पशुवैद्य बाईंना फोन लावला. बाई अभ्यंगस्नानासाठी उठलेल्या होत्या, हे आमचे नशीब. “दूध अजिबात घालू नका!” त्यांचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला. “आधी ऊब द्या. थंड पडलेल्या पिल्लाला गिळता येत नाही. दूध फुप्फुसात जाईल. आणि पोटात गेले तरी पचणार नाही.”

बोळा माझ्या हातातून आईने काढून घेतला. माझी आई मांजरांच्या विरुद्ध. ‘मेल्या केस सोडतात’ हे तिचे मत जाहीर आहे. पण तिने पिल्लू कोरड्या मऊ धडप्यात घेऊन नीट टिपले, दुसऱ्या धडप्यात गुंडाळले आणि सरळ पदराखाली पोटाशी धरले. बाईंच्या सांगण्यावरून रबरी पिशवीत गरम पाणी भरून, तिच्याभोवती टॉवेल गुंडाळून, ती शेजारी ठेवली. शेगडीजवळ न्यायचे नाही, एकदम तापवायचे नाही, हळूहळू. आई पाऊण तास तशीच बसून होती. बाहेर फटाके वाजत होते. आमच्या घरात कोणी फटाका लावला नाही. मग आई एकदम म्हणाली, “हललं गं.” थोड्या वेळाने पदराखालून एक बारीकसा, रागावलेला आवाज आला.

दुपारी डॉक्टरबाई स्वतः फराळाच्या निमित्ताने येऊन गेल्या. मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्यांनी शिकवणी घेतली आणि मी आयुष्यात प्रथमच विद्यार्थ्यासारखे टिपण काढले.

मोठ्या मांजराच्या अंगाची उष्णता ३८ ते ३९ अंश सेल्सियस; नवजात पिल्लाची ३५-३६च्या आसपास. ती टिकवण्याचे सामर्थ्य त्याला पहिले काही आठवडे नसते. ती त्याला आईच्या पोटाकडून आणि भावंडांच्या गर्दीतून उसनी मिळते. जन्मताना पिल्लू जेमतेम १०० ग्रॅमचे, पुढे आठवड्याला साधारण तेवढीच भर. एवढ्या लहान जिवाचे केस भिजले की ऊब बघता बघता निघून जाते. म्हणजे मी त्याला पाण्यात बुडवले नसले, तरी थंडीत उघडे टाकले होते.

आणि मुळात आंघोळीची गरजच नव्हती. ते खाते मथुरेकडे होते. मांजरीची खरखरीत जीभ हा टॉवेल, साबण आणि कंगवा तर आहेच. पण पहिले तीनेक आठवडे तिने पोटाखाली चाटल्याशिवाय पिल्लाला धड लघवीसुद्धा होत नाही. ज्या पिल्लाला आई नाही, त्याचे हे काम माणसाने कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापसाने, दर वेळी दूध पाजल्यावर करायचे. (आणि ते दूधही गाईचे नव्हे, त्याने हगवण लागते. पिल्लांसाठी वेगळी पावडर मिळते.)

आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला न्हाऊ घालूच नये, हा बाईंचा पहिला नियम. अंग माखलेच तर ओलसर फडक्याने तेवढाच भाग पुसावा, तो कोरडा करावा, मग पुढचा. पिसवांसाठी उवांची बारीक फणी घ्यावी आणि निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवावी. पिसवा पुष्कळ असतील तर हयगय करू नये. त्या रक्त पितात आणि पाव किलोच्या जिवात रक्त ते किती! हिरड्या पांढुरक्या दिसल्या की तडक डॉक्टरकडे. कुत्र्यांसाठी असलेले पिसवांचे औषध मात्र चुकूनही लावू नये. त्यात बहुधा पर्मेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, मांजराचा जीव घेऊ शकते.

फिनेल, जंतुनाशके, कापूर, निलगिरीचे तेल यांचेही तसेच. आम्हा मराठी माणसांची फिनेलवर फार श्रद्धा. परंतु असली द्रव्ये माणसाचे यकृत ज्या रीतीने निकामी करून टाकते, ती रीत मांजराच्या यकृताला नीट साधत नाही. अंगाला जे लावाल ते मांजर चाटणार, आणि चाटेल ते त्याच्या पोटात राहणार. माझे वासाचे तेल आठवून मी मान खाली घातली.

त्या पिल्लाचे नाव कारीट पडले. पुढे जानेवारीत, तीन महिन्यांची असताना, कारीट खालच्या स्कूटरखाली जाऊन काळे तेल माखून आली. ते चाटू देणे धोक्याचे, म्हणजे या खेपेस आंघोळ अपरिहार्य. मी आधी बाईंना फोन केला, मगच बाही वर केली.

दुपारची बाराची वेळ निवडली. खिडकी बंद. दोन टॉवेल उन्हात तापवून ठेवले. घमेल्याच्या तळाशी जुना टॉवेल अंथरला, कारण पाय घसरला की मांजर घाबरते आणि घाबरले की नखे काढते. पाणी चार बोटेच, आणि तान्ह्या मुलाचे पाणी पाहतात तसे आईने कोपर बुडवून पाहिलेले. सौ.ने खांद्याजवळ हलकेच धरले. मी भांडी घासायच्या सौम्य पातळ साबणाचे दोन थेंब घेऊन फक्त तेल लागलेला भाग चोळला. तांब्या नाही, पेल्याने पाणी, तेही मानेच्या खाली. तोंड नुसते ओल्या फडक्याने पुसले. कानात पाणी नाही, डोळ्यांत साबण नाही. साबण पुरता निघेपर्यंत दुसऱ्या घमेल्यातल्या तशाच कोमट पाण्याने धुतले. सारे मिळून पाच मिनिटे. मग टॉवेलमध्ये गुंडाळून टिपत राहिलो, चोळायचे नाही. केस सुकवायचे यंत्र थोरल्याने आणले होते, त्याच्या आवाजालाच कारीट अशी काही फुगली की ते परत ठेवले. तासभर ती उन्हाच्या तुकड्यात, आईच्या मांडीवर. केसांच्या मुळापर्यंत बोट घालून आईने ती कोरडी झाल्याची खात्री केली आणि ‘केस सोडते मेली’ असे म्हणत तिला खाली ठेवले.

पुढच्या नरकचतुर्दशीला मी साडेचारला उठलो तर चिमी माझ्याआधी जागी. दिवा न लावता कोचाशेजारी उकिडवी बसली होती. कोचावर कारीट एक पाय ताठ वर करून पोट चाटत होती.

“बाबा, हिची झाली,” चिमी कुजबुजली. “आता तुम्ही जा.”