सुताराचा डावा हात
१९६८ साली एका चित्रपटगृहात सजावटीचे काम करीत असताना एक सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. भरपाईसाठी तो १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली नेमलेल्या आयुक्ताकडे गेला. मालकाचे म्हणणे असे की, हे अंशतः अपंगत्व होय. कायद्याच्या परिशिष्टात अशा अवयवलोपाला जे टक्के लावून दिले आहेत, तेवढ्यापुरतीच भरपाई देय होते.

आयुक्ताने हे मानले नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही. तेव्हा या माणसाची कमाविण्याची क्षमता शंभर टक्के नष्ट झाली, असे ठरवून त्याने ९,८०० रुपये भरपाई, तिच्या निम्मा दंड आणि सहा टक्के व्याज देण्याचा हुकूम केला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९७५ मध्ये चार न्यायमूर्तींच्या पीठाने आयुक्ताचाच निष्कर्ष उचलून धरला. एका हाताने पहारा तर करता येईल, असे कोणासही सुचेल; परंतु कायदा विचारतो ते अपघाताच्या वेळी तो माणूस जे काम करू शकत होता त्याविषयी. शिवाय भरपाई देण्याची जबाबदारी अपघात घडताच उत्पन्न होते, आयुक्ताच्या हुकुमाची वाट पाहत मालकाला स्वस्थ बसता येत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. दंड कायम राहिला तो यामुळेच.

आयुक्ताच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील होई, पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत असेल तरच. आणि मालकाला हुकुमाची रक्कम आधी भरावी लागे. ही अट नसती तर अपिलांच्या फेऱ्यांतच कित्येक कामगार थकून गेले असते. २०१६ मध्ये, एका उच्च न्यायालयाने पुरावा नव्याने तपासून अपंगत्वाचे टक्के कमी केले असता, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला : वस्तुस्थितीबाबत आयुक्ताचा शब्द अखेरचा.

हे बंधन कामगारालाही बाधते. ज्याचा दावा आयुक्तानेच पुराव्याअभावी फेटाळला, त्याला वर दाद मिळणे कठीण. नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि आयुक्ताच्या जागी सक्षम प्राधिकारी आला आहे; अपिलाचे दार मात्र तेवढेच अरुंद आहे. म्हणून पहिल्याच सुनावणीत डॉक्टरने अवयव किती टक्के निकामी झाला एवढेच सांगून भागत नाही. त्या कामगाराला आता आपला धंदा करता येईल की नाही, हेही त्याच्याकडून नोंदवून घ्यावे लागते.