पाळीव प्राणी असलेल्या घरांसाठी व्हॅक्यूम क्लीनर

पाळीव प्राणी असलेल्या घरासाठी व्हॅक्यूम क्लीनर निवडताना गळणारे केस, त्वचेचा कोंडा, पायांना लागून येणारी माती आणि पिसवा या चार गोष्टींचा विचार करावा लागतो. यांपैकी केस डोळ्यांना दिसतात व बहुतेक यंत्रे ते उचलतात. ॲलर्जीस कारणीभूत ठरणारे सूक्ष्म कण मात्र दिसत नाहीत आणि गाळणी सदोष असल्यास ते यंत्रातून पुन्हा घरातील हवेत मिसळतात. त्यामुळे घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा रुग्ण असल्यास मोटरच्या शक्तीपेक्षा यंत्रातून बाहेर पडणारी हवा किती शुद्ध आहे, याला अधिक महत्त्व असते.

इतिहास

ब्रिटिश अभियंते ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये हवा ओढून धूळ गोळा करणारे यांत्रिक उपकरण तयार केले. हे अवजड यंत्र घोडागाडीवरून नेऊन घराबाहेर उभे केले जाई व त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडल्या जात. घरात सहज हाताळता येईल असे विजेवरचे यंत्र अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कँटन येथील सफाई कर्मचारी जेम्स मरे स्पँग्लर यांनी बनवले. त्यांना दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बळावत असे. त्यांच्या पहिल्या यंत्रात धूळ साठवण्यासाठी उशीचा अभ्रा वापरलेला होता. १९०८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले व पुढे त्याचे हक्क हूवर यांच्या उद्योगाकडे गेले.

केस, कोंडा आणि ॲलर्जी

मांजरामुळे होणाऱ्या ॲलर्जीस प्रामुख्याने ‘फेल डी १’ हे प्रथिन कारणीभूत असते. ते मांजराच्या लाळेत व त्वचेतील तैलग्रंथींत तयार होते. मांजर अंग चाटते तेव्हा ते केसांवर पसरते आणि वाळल्यावर सूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत मिसळते. कुत्र्यांच्या बाबतीत ‘कॅन एफ १’ हे प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिन आहे. केस हे ॲलर्जीचे मूळ कारण नसून या प्रथिनांचे वाहक असतात. म्हणून केस कमी गळणाऱ्या जातीचा प्राणी पाळल्यानेही घर ॲलर्जीमुक्त होत नाही. ५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण बराच वेळ हवेत तरंगतात, तसेच गाद्या, पडदे व कपड्यांना चिकटून राहतात. मांजर घरातून हलवल्यानंतरही हे प्रथिन कित्येक महिने घरात आढळते.

निवडीचे निकष

गाळणी: अमेरिकी मानकानुसार ‘हेपा’ गाळणीने ०.३ मायक्रोमीटर आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणे अपेक्षित असते. युरोपीय वर्गीकरणातील ‘एच १३’ श्रेणीसाठी हे प्रमाण ९९.९५ टक्के आहे. तथापि केवळ गाळणी चांगली असून भागत नाही. यंत्राच्या झाकणाच्या किंवा सांध्यांच्या फटींतून हवा निसटत असेल, तर ती न गाळताच बाहेर पडते. त्यामुळे गाळणीबरोबरच यंत्राचा संपूर्ण हवामार्ग बंदिस्त असणे आवश्यक असते.

धूळ साठवण्याची पद्धत: पिशवीच्या यंत्रात भरलेली पिशवी तोंड बंद करून टाकून देता येते, मात्र नव्या पिशव्यांचा खर्च सतत येतो. पिशवीविरहित यंत्राचे भांडे रिकामे करताना कोंडा उडून नाकातोंडात जाऊ शकतो. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने हे काम स्वतः करणे टाळावे, असा सल्ला दिला जातो.

शोषणशक्ती: यंत्रावर लिहिलेले वॅट हे मोटर किती वीज वापरते ते दर्शवतात, धूळ किती ओढली जाते ते नव्हे. युरोपीय संघाने व्हॅक्यूम क्लीनरच्या वीजवापरावर २०१४ मध्ये १६०० वॅट व २०१७ मध्ये ९०० वॅट अशी कमाल मर्यादा घातली.

पृष्ठभाग व ब्रश: गालिच्यात रुतलेले केस काढण्यासाठी मोटरवर फिरणारा ब्रश उपयुक्त ठरतो. लांब केस त्याच्याभोवती गुंडाळले जात असल्याने तो सहज काढून साफ करता यावा लागतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत शहाबादी, मोझेक, संगमरवरी किंवा विट्रिफाइड फरशी असते. अशा कडक पृष्ठभागावर वेगाने फिरणारा राठ ब्रश केस ओढण्याऐवजी इकडेतिकडे उडवू शकतो. तेथे मऊ ब्रश अधिक योग्य ठरतो. या घरांत केस व कोंडा मुख्यतः सोफा, गादी, पायपुसणे आणि पडदे यांत साठत असल्याने त्यांसाठीचा लहान फिरता ब्रश हे महत्त्वाचे जोडसाधन आहे.

आवाज: माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५ व मांजराला ६० किलोहर्ट्झहून अधिक कंपनांचे ध्वनी ऐकू येतात. त्यामुळे माणसाला सुसह्य वाटणारा यंत्राचा आवाज प्राण्यांना त्रासदायक वाटू शकतो. बंद असलेले यंत्र काही दिवस प्राण्याच्या नजरेसमोर ठेवून, नंतर ते दुसऱ्या खोलीत चालवून त्याला हळूहळू सवय लावता येते.

पिसवांचे नियंत्रण

ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हॅक्यूम क्लीनरने ओढलेल्या मांजर-पिसवांपैकी सुमारे ९६ टक्के प्रौढ पिसवा मेल्याचे आढळले. गालिच्यातील कोषांत दडलेल्या पिसवा यंत्राच्या कंपनांमुळे बाहेर पडतात, हाही त्याचा उपयोग आहे. मात्र प्राण्याच्या अंगावरील पिसवांसाठी पशुवैद्यकीय उपचार स्वतंत्रपणे करावे लागतात.

स्वयंचलित यंत्रे

स्वतः फिरून सफाई करणारी यंत्रे रोजचे केस गोळा करण्यास सोयीची असतात. त्यांचे भांडे लहान असल्याने दाट केसांच्या प्राण्याच्या घरात ते वारंवार रिकामे करावे लागते. प्राण्याची विष्ठा वाटेत आल्यास यंत्र ती घरभर पसरवू शकते. त्यामुळे पिल्लू किंवा आजारी प्राणी असलेल्या घरात असे यंत्र देखरेखीविना चालवणे योग्य नसते.

मर्यादा

साध्या व्हॅक्यूम क्लीनरने लघवी किंवा ओला मैला ओढल्यास मोटर बिघडण्याचा व विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. मांजराच्या पेटीतील बेंटोनाइट मातीची बारीक धूळ गाळणी लवकर तुंबवते. ब्रिटनमध्ये मांजरे असलेल्या घरांत झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेपा गाळणीच्या यंत्रांनी सफाई करतानाही श्वासावाटे आत जाणाऱ्या मांजर-ॲलर्जीकारकाचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. त्यामुळे उत्तम यंत्र घेतले तरी सफाई शक्यतो ॲलर्जी नसलेल्या व्यक्तीने करणे, त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवणे, रुग्णाच्या शयनगृहात प्राण्याला प्रवेश न देणे आणि चादरी-अभ्रे नियमित धुणे या उपायांची जोड आवश्यक ठरते. व्हॅक्यूम क्लीनर हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही.