पुस्तकं मोजण्याचा ऋतू

कवितेतला वसंत थंड झुळकांचा आणि कोकिळेचा असतो. आमच्या मराठवाड्यातला वसंत वेगळा. होळी झाली की ऊन चढायला लागतं. ज्वारीची काढणी उरकत आलेली असते, अहमदपूरकडच्या बालाघाटाच्या माळावर पळस फुललेला असतो आणि पाडव्याला कडुलिंबाचा फुलोरा तोंडात घालेपर्यंत पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. मुलांच्या परीक्षा, शेतातली सुगी, दुकानदारांचे मार्चअखेरचे हिशेब, सगळं एकदम अंगावर येतं. याच दिवसांत आणखी एक माणूस कामात बुडून गेलेला असतो, पण त्याच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तो म्हणजे आपल्या गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल.

माझी भाची लातूरच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वय एकोणतीस. माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. बी. ए. झाल्यावर तिनं ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. जावई विजेच्या मोटारी दुरुस्त करतात, मुलगी दुसरीत शिकते. वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं असतं. मधल्या वेळात घर, स्वयंपाक, मुलीची शाळा. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, बरं आहे, खुर्चीत बसायचं आणि पुस्तक द्यायचं-घ्यायचं. तसं असतं तर मी आज हा विषय घेतलाच नसता.

फाल्गुनात वाचनालयात पुस्तकांची पडताळणी सुरू होते. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो आणि तो जाडजूड दाखल नोंदवहीत चढतो. वर्षाअखेर ती नोंदवही समोर ठेवून एकानं कपाटातल्या पुस्तकाचा क्रमांक मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं वहीत खूण करायची. हजारो पुस्तकांची अशी हजेरी घेतली जाते. जे गैरहजर, त्याचा शोध. ते सभासदाकडे आहे का? बांधणीला गेलंय का? की चुकून दुसऱ्याच कपाटात बसलंय? भाची म्हणते, "मामू, हरवलेलं पुस्तक आणि चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक, वाचकाला दोन्ही सारखीच. त्याला ते मिळत नाही."

म्हणूनच पुस्तकाच्या पाठीवरच्या त्या छोट्या आकड्यांना मोल आहे. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली सगळ्या ज्ञानाची दहा मोठ्या वर्गांत विभागणी करणारी दशांश पद्धत मांडली. आजही जगभरातली असंख्य ग्रंथालयं ती वापरतात. या पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आणि उर्दू साहित्याचा ८९१.४३९. म्हणजे मधे बंगालीसारखी दोन-चार घरं सोडली तर दोघी एकाच गल्लीत राहतात. घरात दखनी बोलणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ही शेजारणींची जोडी आवडली, यात नवल नाही.

पडताळणीत तब्येतीची तपासणीही होते. पानं उन्हानं ठिसूळ होतात, जुन्या बांधणीत कसर शिरते, भिंतीला लागलेल्या कपाटाला वाळवी लागते. पुस्तकं बाहेर काढायची, झटकायची, सावलीत वारा द्यायचा, डांबराच्या गोळ्या ठेवायच्या. थेट उन्हात मात्र ठेवायची नाहीत. कागद पिवळा पडतो आणि डिंक सुटतो. जी दुरुस्त होण्यापलीकडे गेली, त्यांची वेगळी यादी करून ती समितीपुढे ठेवायची आणि मंजुरी मिळाल्यावरच नोंदवहीतून कमी करायची. पुस्तक फाटलं म्हणून ग्रंथपालाला ते आपल्या मनानं रद्दीत टाकता येत नाही. ती सगळ्यांची मालमत्ता असते.

मग फोन सुरू होतात. मुदत उलटून गेलेल्या सभासदांची यादी काढून रोज वीस-पंचवीस जणांना विचारायचं. कोणाची बदली झालेली, कोणी वैतागतो, कोणी म्हणतो मी कधी पुस्तक नेलंच नव्हतं. एकदा एका घरातून उत्तर आलं, "बाबा गेले हो, महिना झाला." तिनं पुस्तकाचं नावही काढलं नाही. काही दिवसांनी त्यांची सून स्वतःहून पुस्तक घेऊन आली. आत एसटीचं तिकीट खुणेला ठेवलेलं होतं, अर्ध्याच्या थोडं पुढे. भाचीनं विलंब आकार लावला नाही. तिकीट सुनेला दिलं आणि नोंदवहीत 'परत' असं लिहिलं.

लातूरच्या वाचनालयांत वसंताची आणखी एक गर्दी असते, अभ्यासिकेची. दहावी-बारावी, वैद्यकीय प्रवेशाची 'नीट', स्पर्धा परीक्षा. शिकवणीसाठी लातुरात आलेली खेड्यापाड्यांतली मुलं एका खोलीत चार-चार जण राहतात. त्यांना पंखा, उजेड, शांतता आणि प्यायला गार पाणी हवं असतं. ही मुलं वाचनालयातली पुस्तकं क्वचितच घेतात. आपापल्या नोट्स घेऊन येतात आणि रात्री उठतात. काही जुने सभासद कुरकुरतात की, हे वाचनालय राहिलं नाही, नुसती बसायची जागा झाली. भाचीचं मत वेगळं आहे. ती म्हणते, पोरगं दारापर्यंत आलंय, पुस्तकापर्यंत आणणं माझं काम. म्हणून तिनं अभ्यासिकेच्या दाराशीच एक छोटं कपाट ठेवलंय, पातळ कथासंग्रहांचं आणि चरित्रांचं. परीक्षा संपली की त्यातली काही पुस्तकं गावाकडे जातात. सगळी परत येत नाहीत. पण येतात त्यांच्यासोबत एखादा नवा सभासद येतो.

पाण्याचा माठ भरलेला असणं हेही तिच्या कामातच धरलं पाहिजे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. तेव्हापासून कोणत्याही सार्वजनिक जागेत भरलेला माठ दिसला की माणसं क्षणभर थांबतात.

आता पैशाचं बोलू. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, तेव्हा १९५५ साली तिथे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला होता. पुढे महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली आला. त्यानुसार शासन बहुतेक सार्वजनिक वाचनालयं स्वतः चालवत नाही. लोकांनी संस्था काढायची आणि शासनानं मान्यता व अनुदान द्यायचं. ग्रंथसंख्या, नियतकालिकं, सेवा पाहून अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. मार्चअखेर हिशेब पुरे करायचे, मग लेखापरीक्षण आणि वार्षिक अहवाल. कागद अडला की अनुदान अडलं. २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ मंजूर झाली. साठ टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण ड वर्गाच्या वाचनालयाचं वर्षाचं अनुदान त्यामुळे तीस हजारांचं अठ्ठेचाळीस हजार झालं. बारानं भागा. महिन्याला चार हजार. त्यातच वर्तमानपत्रं, पुस्तकं, वीज आणि ते वाचनालय उघडणाऱ्या माणसाचं मानधन. वरच्या वर्गांना अनुदान जास्त असतं, पण तिथे माणसं आणि खर्चही जास्त. भाचीचं वाचनालय ड वर्गातलं नाही, तरी तिला दर महिन्याला पगार मिळेलच असं नाही. अनुदानाचा हप्ता आला की मागचे महिने एकदम मिळतात. तोवर घर मोटारी दुरुस्तीवर चालतं.

२०२५ चा मार्च तिच्या चांगला लक्षात आहे. महिनाभर रमजान, त्यातच पडताळणी. ३० तारखेला रविवारी गुढीपाडवा, ३१ तारखेला ईद आणि तोच आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. रोजा धरून धुळीत उभं राहायचं, तोंडाला ओढणी बांधायची. संध्याकाळी रोजा सोडायची वेळ झाली की वाचनालयातले शिपाईकाका न सांगता खजूर आणि पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवायचे. पाडव्याच्या आदल्या रात्री कीर्द मिटली. पाडव्याला शेजारून पुरणपोळी आली, ईदला इथून शीरखुर्मा गेला.

ईदनंतरच्या पहिल्या सुट्टीत आम्ही कंधारला जमलो. आम्ही नांदेडहून, ती मंडळी लातूरहून. दोन्हीकडच्यांना सोयीचं म्हणून कंधार. राष्ट्रकूटांच्या काळाशी नातं सांगणारा तिथला भुईकोट किल्ला, त्याचा रुंद खंदक, जवळचा जगत्तुंग सागर तलाव, आणि हाजी सय्याह यांचा दर्गा. किल्ल्यातल्या सावलीत दशम्या, लसणाची चटणी आणि कैरीचं लोणचं सुटलं. एखाद्या वर्षी होळीच्या सुमारास ती माहेरी आली, तर मुलीला हुजूर साहिबच्या होला मोहल्ल्याची मिरवणूक दाखवायची, हेही ठरलेलं. कंधारला किल्ल्यातल्या शिलालेखापाशी मुलगी थांबली आणि विचारलं, "अम्मी, याचा नंबर कुठंय?" आम्ही सगळे हसलो. आईबरोबर कपाटांतून फिरणाऱ्या पोरीला वाटतं, लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला दाखल क्रमांक असतोच.

त्याच दिवशी परतताना भाचीनं सांगितलं की एका खासगी शिकवणी वर्गानं तिला कार्यालयात बसायला बोलावलंय. पगार दुप्पट, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. मी तिला राहा असंही म्हटलं नाही आणि जा असंही नाही. सेवाभाव हा शब्द दुसऱ्याच्या पगाराबद्दल वापरणं फार सोपं असतं. अजून तरी ती वाचनालयातच आहे. पण तिनं नकार दिलेला नाही, विचार करते म्हणून सांगितलंय. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांच्या केंद्रस्थानी वाचक आहे. वाचक आणि पुस्तक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाचं घर कसं चालावं, हे ठरवणं मात्र आपल्यावर आहे. कायद्यानं संस्था लोकांच्या हाती दिली आहे. मग समितीच्या बैठकीला जाणं, वर्गणी वेळेवर भरणं आणि ग्रंथपालाचा पगार किती महिन्यांचा थकलाय हे विचारणं, हेही लोकांचंच काम आहे.

तेवढं जमेल तेव्हा जमेल. आज एक सोपी गोष्ट करता येईल. घरातल्या कपाटावर, पलंगाखाली, मुलांच्या दप्तरात पाहा. वाचनालयाचा शिक्का असलेलं एखादं पुस्तक सापडलं तर ३१ मार्चच्या आत नेऊन द्या. कितीही वर्षं झालेली असोत, लाजू नका. नोंदवहीत त्याच्या क्रमांकापुढची जागा अजून रिकामी आहे, आणि तिथे खूण करायला कोणीतरी बसलेलं आहे.